एक हात आणि वर थोडं

रंगारी आला तो थेट कापड कापायच्या टेबलामागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मावशी, पोरांनी निळ्या रेघोट्या ओढून भिंतीची पार वाट लावलीय. आधी घासून घ्यावी लागेल."

"पोरांनी नाही, माझ्या ताईने लावलीय," मी म्हटलं. "साठीकडे झुकलेली बाई होती. आणि त्या भिंतीला हात लावायचा नाही."

म्हातारी चळली असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. बाकीच्या तीन भिंती करून घे आणि जा, असं सांगून मी मशीनवर जाऊन बसले. पण पायडलवर पाय काही ठरेना. ताईला जाऊन बराच काळ झाला, तरी कुणी त्या निळ्या रेघांना रेघोट्या म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो स्वभावच आहे माझा. ताई म्हणायची, "धाकटे, तू रागावतेस ना, ते एकदम एकशे ऐंशी अंशात. मधे कुठे थांबतच नाहीस."

ती बोलायचीच तशी. "टेबल जरा तीस अंशात वळव." "ही खिडकी पंचेचाळीसच्या पुढे उघडतच नाही, सुताराला सांग." वरच्या वर्गांना गणित शिकवायची, त्यातही त्रिकोणमिती. शाळेतली मुलं तिला वर्तुळबाई म्हणायची, कारण ती फळ्यावर हाताने वर्तुळ काढायची. दोरा नाही, कंपास नाही. फळ्याला खांदा लावून उभी राहायची, हात खांद्यापासून सरळ ठेवायची आणि एकदाच फिरवायची. निघाली तिथेच रेघ परत येऊन मिळायची. मुलं नंतर दोरा लावून तपासून बघायची आणि तोंडात बोटं घालायची. मी मात्र ते कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्या वर्गात कधी गेलेच नाही ना.

त्याचं कारण जुनं आहे. बाबा लवकर गेले. आई शिवणकाम करून घर चालवायची, आणि मग आईचे डोळे गेले. मशीनवर कुणीतरी बसायला हवं होतं. ताई कॉलेजात होती, पहिली-दुसरी येत होती. मी शाळेत होते आणि माझे मार्क म्हणजे देवाची कृपा. त्यामुळे कुणी काही ठरवलं नाही, आपोआप कात्री माझ्या हातात आली. भूमितीच्या पहिल्या प्रमेयापाशी माझी शाळा संपली. मी हे ताईला आयुष्यभर ऐकवलं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी म्हणायचे, "आम्ही काय बाई, अडाणी, आम्हाला कुठलं प्रमाण कळणार!" ती उलटून कधी बोलली नाही. दोघींनी लग्नं केली नाहीत, एकाच घरात राहिलो. सकाळी ती तिकडे खडू घेऊन जायची, मी इकडे कात्री धरायचे.

तिच्या पहिल्या तासाची गोष्ट मात्र ती जेवताना दर वर्षी सांगायची. त्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही. बाकं सरकवायची, जमिनीवर मोठं वर्तुळ काढायचं. मग मध्यापासून काठापर्यंत, म्हणजे त्रिज्येएवढा, दोरा कापायचा आणि तोच दोरा एका मुलीने काठाकाठाने वळवून लावत जायचा. किती वेळा बसतो? मुलं ओरडायची, सहा वेळा! "आणि?" ताई विचारायची. आणि थोडं उरतं, बाई. लहान वर्तुळ काढा, मोठं काढा, सहा वेळा आणि थोडंसं उरतंच. मग ती सांगायची, "अंश माणसाने ठरवले. पूर्ण फेरीचे तीनशे साठ भाग करायचे, असं कुणीतरी म्हणालं आणि आपण मान डोलावली. पण हा एक दोरा काठावर बसला की मध्यापाशी जो कोन होतो, तो एक रेडियन. तो कुणी ठरवलेला नाही, तो वर्तुळाच्या अंगातच असतो."

"बरं मग?" मी म्हणायचे. "त्याने भात शिजतो का?"

ती हसायची आणि आमटी वाढून घ्यायची.

आणखी एक खोड होती तिची. कुणी नुसता आकडा सांगितला की विचारायची, "तीस काय? तीस अंश की तीस रेडियन? आकड्याला आडनाव लाव आधी." एका मुलाने कॅल्क्युलेटरची कळ अंशांऐवजी रेडियनवर ठेवून उत्तर काढलं होतं. गच्चीवरून पलीकडच्या झाडाची उंची काढायची होती, तर ती उणे आली. ताईने त्याला शिक्षा केली नाही. म्हणाली, "जा, खाली जाऊन ते झाड उकरून काढ." वर्ग आठवडाभर हसत होता.

अशी ही बाई एका सकाळी आंघोळीला गेली आणि आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पाय ओढत का होईना चालायला लागली. पण उजवा हात लाकडासारखा झाला. मूठ अशी गच्च आवळलेली की नखं तळव्यात रुतायची. मी तिथे कापडाची घडी सारून ठेवायचे.

दवाखान्यात एक फिजिओ होती, कोवळी पोर. तिच्याकडे हाताचा कोन मोजायचं साधन होतं, कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्यात तसं. एक पट्टी कमरेच्या रेषेत धरायची, दुसरी दंडावर. मधल्या चकतीवर अंश वाचायचे. सुरुवातीला वीस आले. मग तीस, मग पन्नास. दर खेपेला मी लॉटरी लागल्यासारखी घरी यायचे.

तेव्हाच शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. चांगल्या होत्या, उगाच कशाला नावं ठेवा. चहा घेतला, ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुमची जागा मी सत्र सुरू होईपर्यंत धरून ठेवते. पण फळ्यावर लिहिता यायला हवं. दवाखान्यातून तसं लिहून आणा, हात खांद्याच्या उंचीपर्यंत उठतो म्हणून. नाहीतर मग ग्रंथालयात बसा, तिथे काही त्रास नाही."

ताई म्हणाली, "नव्वद."

"काय म्हणालात?"

"खांद्याच्या उंचीपर्यंत म्हणजे नव्वद अंश. येईल."

त्या गेल्यावर मी म्हटलं, ग्रंथालय काय वाईट आहे, पंख्याखाली बसून राहायचं. ताई खिडकीकडे तोंड करून रडली. झटका आला तेव्हाही ती रडली नव्हती. निवृत्तीला दोन-तीनच वर्षं उरली होती, पण तिला तो पहिला तास अजून दोन-तीनदा घ्यायचा होता. तेवढंच मागत होती बिचारी. डाव्या हाताने तिने लिहून पाहिलं होतं, पण अक्षर मुंगी शाईत पडून चालल्यासारखं यायचं आणि वर्तुळाचं तर अंडं व्हायचं.

आणि नेमका साठ अंशांवर हात अडला. एकदा साठ, पुन्हा साठ, तिसऱ्यांदाही साठच. फिजिओ म्हणाली, "खांदा आता जरा हट्ट करतोय." मला ते पटेना. मी म्हटलं, ही कालची पोर, हिची ती चकती, काय भरवसा? माझ्याकडे टेप आहे. मी जन्मभर टेपवर जगले आणि टेप माझ्याशी कधी खोटं बोलली नाही.

मग मी काय केलं, ते सांगते. टेबलामागच्या भिंतीला लागून स्टूल ठेवलं. ताईला उजवा खांदा भिंतीकडे करून बसवलं आणि खांदा जिथे येतो तिथे भिंतीवर फुली मारली, म्हणजे रोज ती त्याच जागी बसेल. हात खाली सोडलेला. मग ती हात भिंतीलगत समोरून वर उचलायची आणि मी कापडावर खुणा करायची निळी पेन्सिल तिच्या हाताच्या टोकाला धरून भिंतीवर रेघ ओढत जायचे. हात थांबला की रेघ थांबली. मग गुडघ्यांवर बसून त्या वळणावर टेप लावायचे, जशी आम्ही ब्लाउजच्या बगलेच्या गोलाईवर लावतो तशी, आणि ओरडून आकडा सांगायचे.

पहिल्या दिवशी एकवीस आले.

"एकवीस काय?" ताईने विचारलं.

"इंच. आणखी काय असणार? माझ्या टेपला दुसरं आडनाव नाही."

ती हसली.

आणि बघा, आकडा वाढायला लागला! एकवीसचे साडेएकवीस, मग बावीस. रोज नाही, पण आठवड्यागणिक टेप पुढे सरकायची. मी शिवणं बाजूला टाकली. गिऱ्हाइकं दारात ताटकळायची, मी म्हणायचे, थांबा हो, आमची परीक्षा चालू आहे. रात्री झोपायच्या आधी तिच्या बोटांना तेल लावायचे, एकेक बोट धरून हळूहळू सोडवायचे. शेजारणीला सांगायचे, चोवीस झाले! भिंतीवर कांद्याच्या चकतीसारख्या एकाबाहेर एक रेघा जमत गेल्या. आम्ही दोघी एवढ्या जवळ बसून एवढं बोललोय, असं लहानपणानंतर कधी झालं नव्हतं. पंचवीस झाले त्या दिवशी मी तिच्या गालाचा मुका घेतला. ती म्हणाली, "वेडी आहेस."

सत्र सुरू व्हायच्या आधी आम्ही दवाखान्यात गेलो. मी तिला नवी साडी नेसवली होती, शाळेच्या पहिल्या दिवसासाठी घेतलेली. म्हटलं, इथून परस्पर मोठ्या बाईंकडे जाऊन सांगू.

फिजिओने पट्ट्या लावल्या. चकतीवर वाकून बघितलं. ताईला हात खाली घ्यायला सांगून पुन्हा उचलायला लावला, पुन्हा बघितलं.

"साठ," ती म्हणाली.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी म्हटलं, "बाई गं, तुझं ते यंत्र एकदा दुरुस्त करून आण. एकवीसवरून पंचवीसवर आलोय आम्ही. चार इंच वाढले! भिंतीवर आहे, येऊन बघ." पर्समधून टेप काढून तिच्या नाकासमोर धरली. बाकावर बसलेली माणसं बघायला लागली. ती पोर गोरीमोरी झाली. काहीतरी सांगायला गेली, तेवढ्यात ताईने डाव्या हाताने माझा दंड धरला.

"तिचं बरोबर आहे, धाकटे. घरी चल."

"अगं पण..."

"घरी चल म्हटलं ना."

रिक्षात माझं तोंड चालूच होतं. दुसऱ्या दवाखान्यात जाऊ, मोठ्या डॉक्टरांना दाखवू, मोठ्या बाईंना घरी बोलावून भिंतच दाखवू. घरी आल्यावर ती चपला न काढता सरळ भिंतीपाशी गेली.

"तुझी लांब पट्टी दे."

मी कटाईची लाकडी पट्टी दिली. तिने डाव्या हाताने तिचं एक टोक फुलीवर टेकवलं. "दुसरं टोक धर. आता हळूहळू वर आण. पहिल्या रेघेच्या टोकाला लागली की थांब."

मी आणली. थांबले.

"आता बाकीच्या रेघा बघ."

मी बघितलं. एकवीसची रेघ जिथे संपत होती तिथे पट्टी. बावीसची जिथे संपत होती तिथेही पट्टी. पंचवीसपर्यंतची सगळी, सगळी टोकं त्या एका पट्टीच्या कडेवर ओळीने बसली होती. इतक्या दिवसांची आमची मेहनत, आणि हात दर वेळी एकाच तिरप्या रेषेवर येऊन थांबला होता. केसभरही वर नाही.

मी विचारलं, "मग चार इंच आले कुठून? मी मोजायला चुकले?"

"तू मोजायला चुकत नाहीस. आता फुलीपासून पहिल्या रेघेपर्यंत मोज, सरळ."

वीस इंच.

"आणि फुलीपासून शेवटच्या रेघेपर्यंत?"

चोवीस. मी टेप धरूनच उभी राहिले. ताईने आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून माझ्यासमोर धरला. बोटं उघडी होती. पुरती सरळ नव्हती, पण उघडी होती. "तेव्हा मूठ मिटलेली होती. तू तेल लावून लावून ती उघडलीस. हात लांब झाला माझा, धाकटे, वर नाही गेला. लांब हाताची रेघ लांबच येणार, कोन तोच असला तरी."

मग ती बाकावरच्या मुलीला सांगावं तशी मला सांगायला लागली. वीस इंचांच्या हाताची रेघ एकवीस. चोवीस इंचांच्या हाताची रेघ पंचवीस. दोन्ही वेळा एक हात आणि वर थोडं. हाताएवढीच रेघ आली असती तर तो एक रेडियन, अंशात सांगायचं तर सत्तावन्न आणि काहीतरी. आपण त्याच्या थोडं पुढे, म्हणजे साठ. "नव्वद व्हायला दीड हात लागतो, दीड आणि वर थोडं. नुसती रेघ मोजून चालत नाही, ती किती हातांची आहे ते विचारावं लागतं."

मला कळलं. लख्ख कळलं. घेरदार झगा कापताना मी कमरेच्या मापाचे सहा भाग करते, त्यातला एक भाग घेते आणि किंचित कमी करते, तेवढ्या दोऱ्याने गोल मारते. आईने शिकवलं होतं, का ते तिलाही ठाऊक नसेल. सहा वेळा आणि थोडं उरतं. जन्मभर ते माझ्या कात्रीखाली होतं.

पण त्या वेळी माझ्या मनात ते नव्हतं. मी विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

ती स्टुलावर बसली. "पहिल्या आठवड्यात."

"पहिल्या आठवड्यात! आणि मी इथे रोज बोंबलत होते, शेजारीपाजारी सांगत होते, आणि तू तोंडातून अक्षर काढलं नाहीस?"

"काय काढणार? तू रोज माझ्याजवळ गुडघ्यांवर बसायचीस. आकडा ओरडून सांगायचीस. एवढी खुश मी तुला कधी पाहिली नव्हती, निदान माझ्यामुळे तरी नाही." मग म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं, उद्या हलेल."

मी जमिनीवरच बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. तिने तो हात, तोच, माझ्या केसांवर ठेवला. बोटं जड होती, पण त्यांना माझे केस धरता येत होते.

मोठ्या बाईंना तिने स्वतःच फोन केला. ग्रंथालय नको म्हणाली. सत्र सुरू झालं त्या सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली, वेणी घातली आणि खिडकीपाशी बसून राहिली. रस्त्याने मुलं चालली होती. घर एवढं गप्प होतं की मला मशीन चालू करायचाही धीर होईना.

मी कापायच्या टेबलावरचं सगळं कापड उचललं. खाकी कागद अंथरला. खुणा करायचा खडू आणला आणि तिला हाताला धरून टेबलाशी बसवलं. टेबल आडवं, हात त्यावर टेकलेला. तिथे उचलायचा प्रश्नच नव्हता.

"काय चाललंय?" ती म्हणाली.

"माझा पहिला तास राहिलाय. तुला शिकवायचं असेल तर शिकव, नाहीतर मी जाते शिवायला."

मग मी तिच्या उजव्या हाताच्या बोटांत खडू दिला. बोटांनी तो धरला. हात टेबलावरून सरकवत, दात आवळून, तिने वर्तुळ काढलं. मधे दोनदा थांबली. वाकडंतिकडं झालं, निघाली तिथे काही रेघ परत मिळाली नाही. मी दोरा कापला आणि काठाने लावत गेले. ती मोजत होती. सहा, आणि थोडं.

मग तिने मला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, अंश कुणी ठरवले आणि रेडियन कुठून येतो. आवाज वर्गातला होता. शेवटी तिने खडू खाली ठेवला आणि विचारलं, "समजलं?"

सगळं समजलं होतं. त्या भिंतीपाशीच समजलं होतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

"नाही समजलं," मी म्हटलं. "उद्या परत सांग."

ताई असेपर्यंत ती शिकवणी रोज सकाळी चालली, शाळेच्या वेळेला. "एवढी वर्षं शिकवतेय, पण इतकी मठ्ठ मुलगी नाही पाहिली," असं म्हणायची आणि खडू उचलायची.